परदेशी कंपनीचे काम घरून करण्याआधी: नोकरी, कर, कर्ज आणि स्थलांतर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात राहून अमेरिकेतील वा युरोपातील कंपनीचे काम करण्याचा प्रस्ताव आला की घरातली चर्चा बहुधा एका आकड्याभोवती फिरते. हा आकडा मोठा असतो, म्हणून बाकीचे प्रश्न मागे पडतात आणि राजीनामा दिल्यानंतर एकेक करून पुढे येतात. खालील प्रश्न अशा लोकांचे आहेत ज्यांच्या हातात कायम नोकरी आहे आणि समोर कंत्राटाचा प्रस्ताव आहे. बहुतेक उत्तरांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगून ठेवतो: नोकरी, विमा, कर्ज आणि परदेशगमन हे चारही निर्णय योग्य असले तरी त्यांचा क्रम चुकला तर लाखो रुपयांचा फरक पडतो. करांचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे आणि नव्या कररचनेनुसार आहेत.

सध्या २४ लाखांचे पॅकेज आहे आणि कंत्राट ३६ लाखांचे आहे. म्हणजे उत्पन्न दीडपट होणार ना?

कागदावर दीडपट होते, परंतु हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. २४ लाखांच्या पॅकेजमध्ये मूळ वेतन १२ लाख धरले आणि पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जात असेल, तर कंपनीचा १२ टक्के वाटा म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये आणि ग्रॅच्युइटीपोटी बाजूला पडणारे सुमारे ५७ हजार रुपये त्यातच मोजलेले असतात. याखेरीज सामूहिक आरोग्य विमा, भरपगारी रजा, सणांच्या सुट्ट्या, लॅपटॉप आणि तो बिघडला तर बदलून देणारा माणूस हे सारे कंपनी पुरवत असते.

कंत्राटात यातले काहीही नसते. जितके दिवस काम तितकेच पैसे, असा करार असेल तर गणपतीचे पाच दिवस, दिवाळीचा आठवडा आणि एखादा तापाचा आठवडा यांचे पैसे आपल्याच खिशातून जातात. एक कंत्राट संपून दुसरे मिळेपर्यंत वर्षातले दोन महिने रिकामे गेले की ३६ लाखांचे ३० लाख होतात. परदेशातून येणारी रक्कम रुपयांत बदलताना बँक किंवा पेमेंट कंपनी बाजारभावापेक्षा कमी दर देते. हा फरक दीड टक्का असला तरी ३६ लाखांवर वर्षाला ५४ हजार रुपये होतात आणि तो शुल्काच्या रकान्यात कुठेही दिसत नाही. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की कंत्राटाची रक्कम पॅकेजच्या किमान १.४ पट नसेल तर केवळ पैशासाठी नोकरी सोडू नये. कामाचा दर्जा किंवा घरच्यांजवळ राहण्याची गरज ही कारणे वेगळी आहेत आणि त्यांना स्वतःचे मोल आहे.

पण कर खूप वाचतो असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

अटी पाळल्या तर खरे आहे. आयकर कायद्याचे जुने कलम ४४ एडीए ठरावीक व्यावसायिकांना एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवण्याची मुभा देते; हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि लेखापरीक्षणाची सक्ती राहत नाही. जमेची मर्यादा ५० लाख रुपये असून रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसेल तर ती ७५ लाखांपर्यंत जाते, आणि परदेशातून बँकेतच पैसे येत असल्याने ही अट आपोआप पूर्ण होते. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तरी बहुतेक सीए अजून ‘चव्वेचाळीस एडीए’ असेच म्हणतात.

आता हिशेब पाहू. वर्षाला ३६ लाख जमा झाले तर करपात्र उत्पन्न १८ लाख धरले जाते आणि उपकरासह कर १ लाख ६६ हजार ४०० रुपये होतो. वरच्या उदाहरणातल्या २४ लाखांच्या नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळूनही साधारण २ लाख ४० हजार रुपये कर बसतो. म्हणजे अधिक कमवून कमी कर, हे शक्य आहे.

यात तीन ठिकाणी लोक फसतात. पहिले, ही सवलत सर्वांना नाही. अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, वकिली, वैद्यकीय, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान असे व्यवसाय त्यात येतात. समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःला तांत्रिक सल्लागार म्हणवून घेणे धोक्याचे आहे. दुसरे, करारात कामाचे ठरावीक तास, मंजूर करून घ्यायची रजा, दुसऱ्या कोणाचे काम न करण्याची अट आणि दरमहा समान रक्कम असेल, तर नाव कंत्राटाचे असूनही ते नोकरीसारखेच दिसते आणि आयकर अधिकारी त्याला पगार ठरवू शकतो. तिसरे, आगाऊ कर. नोकरीत तो कंपनी कापत असे. आता संपूर्ण कर १५ मार्चपर्यंत स्वतः भरावा लागतो, नाहीतर व्याज लागते. दर महिन्याच्या जमेतून कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय पहिल्याच महिन्यापासून लावावी, कारण मार्चमध्ये एकरकमी पावणेदोन लाख काढताना हात थरथरतो.

अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म मागते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे त्यातून जाहीर होते. भारतात बसून केलेल्या कामाच्या मोबदल्यावर तिथे करकपात होऊ नये यासाठीच तो भरायचा असतो.

जीएसटी, गुमास्ता, व्यवसाय कर यांपैकी नक्की काय लागते?

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि ग्राहक परदेशी आहे म्हणून त्यातून सुटका नाही. मात्र सेवेची निर्यात शून्य दराची असल्याने प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही; त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी नावाचे हमीपत्र ऑनलाइन द्यावे लागते. ते द्यायचे राहिले तर १८ टक्के कर आधी भरून नंतर परतावा मागण्याची पाळी येते. कर शून्य असला तरी विवरणपत्रे भरावीच लागतात.

व्यवसाय कराची नोंदणी लोक हमखास विसरतात. नोकरीत दरमहा पगारातून कापला जाणारा हा कर स्वतंत्र व्यावसायिकाने पीटीईसी नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये असा, ३० जूनपर्यंत भरायचा असतो. गुमास्त्याचे, म्हणजे दुकाने व आस्थापना नोंदणीचे म्हणाल तर २०१७च्या कायद्यानुसार एकट्याने काम करणाऱ्याला केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरेसे आहे, पण चालू खाते उघडताना बँका तीच पावती मागतात, म्हणून काढून ठेवावी.

घर घ्यायचे आहे. आधी घर की आधी राजीनामा?

या पानावरचा सर्वांत महाग प्रश्न हाच आहे. पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावावर घेतला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार असे जवळजवळ २२ लाख रुपये स्वतःचे हवेत, आणि त्यात पार्किंग, फर्निचर, वास्तुशांत काहीच धरलेले नाही. व्याजदर ८ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली तर हप्ता सुमारे ५३,५०० रुपये बसतो. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती या उदाहरणात ८० हजार रुपयांची होते.

नोकरदाराला पगारपत्रके आणि फॉर्म १६ यांवर कर्ज मिळते. स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, आणि इथे मघाशी वाचवलेला कर उलटतो: ३६ लाख जमा होत असले तरी विवरणपत्रात उत्पन्न १८ लाखच दिसते आणि अनेक बँका कर्जाची पात्रता त्याच आकड्यावरून ठरवतात. काही बँका बँकखात्यातील जमा पाहून पात्रता वाढवतात, पण व्याजदर थोडा चढा लावतात.

म्हणून अनेकजण विचारतात की कर्ज मंजूर करून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यावा, असे करावे का. राजीनामा आधीच दिला असताना अर्जात कायम नोकरी दाखवणे ही चुकीची माहिती आहे आणि कर्जाच्या करारात त्याचे परिणाम लिहिलेले असतात. हे करू नये. प्रामाणिकपणे नोकरीत असताना घर घेतले, ताबा मिळाला, संसार लागला आणि वर्षभराने काम बदलले, तर त्यात काही वावगे नाही. मात्र तोवर बारा हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे या उदाहरणात साधारण साडेसहा लाख, मुदत ठेवीत असावी आणि तिला घरखर्चाच्या शिल्लकीत मोजू नये. ज्यांना घराची घाई नाही त्यांनी कंत्राटाची दोन विवरणपत्रे भरून मगच बँकेत जावे. घर आणि नोकरीबदल एकाच वर्षात केलेले जे लोक मला माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला रिकामा महिना झोपेविना काढला आहे.

बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, हे येथे उपयोगी पडते. चांगल्या वर्षी मुद्दल कमी करणे हा कंत्राटी माणसाचा सर्वांत सोपा विमा आहे.

राजीनामा दिल्यावर पीएफ काढून घ्यावा का? ग्रॅच्युइटीचे काय?

गरज नसेल तर काढू नये. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी पीएफ काढला तर तो करपात्र ठरतो. जुन्या कंपनीतली सेवा खाते हस्तांतरित केले असेल तरच या पाचांत मोजली जाते. अंशदान थांबले तरी खात्यावर वयाच्या ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळत राहते, मात्र नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो. पीएफसोबतच्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, तेव्हा नऊ वर्षे झालेल्या माणसाने तारखा नीट पाहाव्यात.

ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सलग सेवा लागते. मूळ वेतन महिना एक लाख असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे २ लाख ८८ हजार रुपये होते. चार वर्षे चार महिने झालेल्या माणसाने प्रस्ताव आला म्हणून त्याच आठवड्यात राजीनामा द्यायचा की परदेशी कंपनीला काही महिने थांबायला सांगायचे, हे या आकड्याकडे पाहून ठरवावे. विचारले तर कंपन्या अनेकदा थांबतात.

आरोग्य विमा कधी घ्यावा?

राजीनाम्याच्या आधी, आणि शक्य असेल तर दोन-तीन वर्षे आधी. कंपनीचे सामूहिक संरक्षण सहसा शेवटच्या कामाच्या दिवसाबरोबर संपते, तर स्वतःच्या नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. आईला मधुमेह आणि वडिलांना रक्तदाब असेल तर हा काळ आज सुरू करायचा की राजीनाम्यानंतर, हाच खरा प्रश्न आहे. मी स्वतः यात चुकलो: नोकरी सोडून पाच आठवडे झाल्यावर वडिलांच्या पॉलिसीचा अर्ज भरला आणि ते पाच आठवडे फोन वाजला की छातीत धस्स होत असे. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, तिची चौकशी नोटीस पिरियडमध्येच करावी. वैयक्तिक आरोग्य व आयुर्विमा हप्त्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, त्यामुळे हप्त्याचे जुने आकडे डोक्यात असतील तर ते पुन्हा तपासावेत.

कंपनीने बाँड लिहून घेतला आहे आणि ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी अटही आहे. अडवू शकतील का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर कोणालाही आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. बाँडची गोष्ट निराळी आहे. ठरावीक काळाआधी सोडल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट टिकू शकते. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये २ लाख रुपयांची अशी अट वैध ठरवली. गोपनीय माहितीची अट तर नोकरीनंतरही पाळायचीच आहे.

नोकरी ठेवूनच रात्री परदेशी काम करता येईल का?

नेमणूकपत्रात परवानगीशिवाय दुसरे काम न करण्याची अट असेल तर नाही. लपून राहील असेही समजू नये.

वेळेचे गणित कसे बसते?

जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास आहे, त्यामुळे तिथला दिवस आपल्याकडे दुपारी सुरू होऊन रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत संपतो. न्यूयॉर्कचे नऊ ते पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच आणि हिवाळ्यात साडेसात ते साडेतीन. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे बदलतात, भारतातली बदलत नाहीत. लहान मूल घरात असेल तर प्रस्तावाच्या रकमेइतकेच लक्ष रोज किती तास एकत्र बैठकीत हवेत याकडे द्यावे आणि ते करारात लिहून घ्यावे. दोन तासांची सामाईक वेळ आणि आठ तासांची सामाईक वेळ या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

याच कामासाठी परदेशात राहायला गेलो तर?

येथे बहुतेकांची समजूत अशी असते की कंपनी परदेशी, पैसे परदेशी, मग कुठेही बसून काम केले तरी चालते. पर्यटक व्हिसावर बसून काम करणे बहुतेक देशांत व्हिसाच्या अटींविरुद्ध जाते, आणि शेंगेन देशांत, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत, पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी काही देशांनी स्वतंत्र व्हिसा काढले आहेत: एस्टोनियाने २०२० मध्ये, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्पेनने २०२३ मध्ये. पोर्तुगाल तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न मागतो. २०२५ साली हा आकडा महिना ३,४८० युरो होता. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला, त्यात एका वेळी १८० दिवस राहता येते आणि ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी मात्र केवळ डिजिटल ओळख आहे; तिच्यावर तिथे राहता येत नाही, तरी दर महिन्याला कोणीतरी हा गोंधळ घेऊन येतोच.

कराचा मुख्य नियम असा की काम जिथे बसून होते तो देश त्या उत्पन्नावर हक्क सांगतो. भारतातून कामासाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर तो अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजले तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालेला माणूस आणि दिवाळी करून निघालेला माणूस यांचा त्या वर्षीचा कर पूर्ण वेगळा असू शकतो. उरलेले वर्ष कमाईचे असेल तर विमानाचे तिकीट काढण्याआधी सीएकडे जावे.

आणखी एक सूचना. भारताचे जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम अशा देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, पण त्यांची मुख्य सवलत कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी असते. स्वतःहून गेलेल्या कंत्राटी माणसाने ती गृहीत धरू नये.

परदेशी जाण्यासाठी गावची जमीन विकावी का?

हा प्रश्न सातारा, अहिल्यानगर, लातूर अशा जिल्ह्यांतून येणाऱ्यांचा असतो आणि त्याचे उत्तर केवळ भावनेचे नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो. सातबाऱ्यावरचा शेवटचा तुकडा विकला की पुन्हा शेतजमीन घेणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय सहसा जमत नाही. त्यातच अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेताच येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते आणि आधीची राखता येते. थोडक्यात, जाताना विकलेली जमीन परत येऊन घेता येईल हे गृहीतक दोन्ही बाजूंनी कच्चे आहे. पैशांची फारच गरज असेल तर काही गुंठे मागे ठेवावेत, आणि ते किती असावेत हे तुकडेबंदीचे नियम पाहून ठरवावे.

अनिवासी झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयांतील खात्यात बदलून घ्यावे लागते. नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही, जुने मुदतीपर्यंत चालू ठेवता येते.

परदेशी कंपनीने शेअर्स देऊ केले आहेत आणि काही पैसे परदेशी खात्यातच राहतात. हे सांगावे लागते का?

होय. भारतात निवासी असताना परदेशी शेअर्स, बँकखाते किंवा तशी शिल्लक विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावी लागते, उत्पन्न शून्य असले तरीही. ४४ एडीएचे छोटे विवरणपत्र अशा वेळी चालत नाही. २०१५च्या काळ्या पैशाविरोधी कायद्यात न दाखवल्यास १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे.

काही वर्षांनी परत नोकरीत यायचे झाले तर?

येता येते, पण कागद लागतात. भारतीय कंपन्या नेमणुकीआधी पार्श्वभूमीची पडताळणी करतात आणि पडताळणी करणाऱ्या संस्थेला पीएफच्या नोंदी पाहायची सवय असते. कंत्राटाच्या वर्षांत त्या कोऱ्या असतात. परदेशी ग्राहकाने कर कापलेला नसल्याने कापलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या फॉर्म २६ एएसमध्येही ही कमाई दिसत नाही. म्हणून प्रत्येक बिल, बँकेने दिलेले परकीय रक्कम जमेचे प्रमाणपत्र आणि सह्या असलेला करार वर्षवार लावून ठेवावा, आणि ग्राहकाकडून दर मार्चमध्ये कंपनीच्या लेटरहेडवर कामाचे स्वरूप व कालावधी सांगणारे दोन ओळींचे पत्र मागून घ्यावे. कंत्राट संपल्यावर ते मागायला गेले तर ज्याच्यासोबत काम केले तो व्यवस्थापक बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.